डावी बाही

दादा,

नमस्कार फक्त आईला. तिला सांग, मी बरी आहे, खोलीत ऊब आहे आणि बोटात घुसलेल्या सुईची जखमही भरत आलीय. तिचा गुडघा कसा आहे? खरं काय ते कळव, नेहमीसारखं गोडगोड नको.

आता तुझ्याशी. या कारखान्यात आल्यापासून मी शर्टाची फक्त डावी बाही शिवते. उजवी शेजारची शिवते, कॉलर तिसरीच कुणी. अख्खा शर्ट शिवायला शिकवा, म्हणून मी सुपरवायझरबाईंकडे शब्द टाकला, तर तू लिहितोस, "हाव बरी नव्हे, असेल त्यात समाधान मान." आणि त्याच पत्राच्या शेवटी, "तिकडचा एक झकास शर्ट पाठव"! तुझी ती हौस आणि माझी ती हाव होय रे?

समाधान मला शिकवू नकोस. बाही सुरकुती न पडता बसली की मला ते रोज मिळतं. म्हणून उद्याची आशा सोडायची, हे कुठलं शहाणपण?

सोबत पार्सल पाठवतेय. त्यात एक डावी बाही आहे, माझ्या हातची. असेल त्यात समाधान मान.

आईची लाडकी,
तुझी नाइलाजाने बहीण