चाखायचं काम

१२ मार्च, गुरुवार

प्रिय आपा,

सलाम. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजी, पोरी बऱ्या आहेत ना? इकडे सगळं ठीक. कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, मान वर करायला फुरसत नाही. खिडकीकडच्या मशीनचा पट्टा पुन्हा तुटला. काजं करणारी बाळंतपणाला गेली, मुलगा झाला.

रोजे चालू आहेत. इफ्तारचं तुझं ते पाणी यंदा मी करून आणते. गवती चहा, बडीशेप, पुदिना उकळायचं, गार झालं की गाळून लिंबू, खडीसाखर, चिमूटभर मीठ. पण तुझ्यासारखं होत नाही. पुदिना तू आच बंद केल्यावर टाकायचीस का गं? माझा काळा पडला आणि पाणी कडवट झालं.

एवढंच विचारायला पत्र लिहितेय असं वाटेल तुला. दोनदा लिहिलं आणि तेवढ्यावरच थांबून फाडून टाकलं.

आपा, गेल्या वर्षीची ती संध्याकाळ. तू सुपरवायझर झालीस म्हणून मालकांनी कारखान्यातच इफ्तार ठेवला होता आणि पाणी तू करणार होतीस. थंडीतल्या त्या तापानंतर तुझी चव गेली, वासही गेला, हे फक्त मला ठाऊक होतं. आधी रोजा असला तरी नुसत्या वासावर तुझं माप चुकत नसे. आता तेही नाही, म्हणून रोज दुपारी मला हाक मारायचीस. "तुला कुठे रोजा आहे? जीभ दे जरा उसनी."

त्या दिवशीही वाटीत काढून दिलंस. मी घोट घेतला. खारट होतं. गडबडीत मीठ दोनदा पडलं होतं. तू ओढणीला हात पुसत माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

मी म्हणाले, "झकास झालंय."

नुसते ओठ लावले नव्हते, आपा. चांगला घोटभर प्याले होते.

सुपरवायझरची ती जागा मला मिळणार असं मी घरी सांगून बसले होते. दुसरं काही कारण नव्हतं. वाटलं, जरा फजिती होईल, बायका हसतील. दिवसभर घशात थेंब नसलेली माणसं तेच आधी तोंडाला लावणार आहेत, हे मनातसुद्धा आलं नाही.

कोणी ग्लास खाली ठेवला, कोणाला ठसका लागला. इस्त्रीवाल्या चाचांनी मात्र तुझ्याकडे बघत अख्खा ग्लास संपवला. तूही तुझा रिकामा केलास आणि मग सगळ्यांचे चेहरे पाहिलेस.

मालकीणबाई म्हणाल्या, "कोणी चाखून नाही का पाहिलं?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "नाही. विसरलेच मी."

नळावर ग्लास विसळताना हळूच विचारलंस, "तू प्यायली होतीस ना गं?" मी म्हणाले, "घाईत नुसते ओठ लावले." तू "बरं" म्हणालीस आणि विसळत राहिलीस.

अजून एक राहिलंय. दोन दिवसांनी मालकांनी मला त्या खारट पाण्याबद्दल विचारलं, तेव्हा तुझं गुपित मीच फोडलं. "मग इस्त्रीखाली कापड करपलं तर हिला कळणार कसं?" ते म्हणाले, आणि मी मान हलवली. ईदनंतर तू काम सोडलंस. जागा मला मिळाली.

परवा पाणी देताना चाचांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला काय सांगतेस? तिला सांग." काल जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर बोलले. बायका डबे झाकून उठून गेल्या. मालकांना म्हटलं, जागा सोडते, तिला बोलवा. ते "बघू" म्हणाले. उडत उडत तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. ईदला ये, असंही म्हणवत नाही. शिव्या द्यायच्या असतील तर मात्र समोर येऊन दे. रविवारी मी घरीच असते.

तुझी म्हणवून घ्यायची लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाची लिहू?

तुझी,
छोटी