धुण्याच्या दगडावरची लेथ

४ मार्च
ताईच्या चमच्यासाठी करतोय ती मूठ पुन्हा बिघडली. लेथ थरथरते, तिच्यासोबत हत्यार थरथरतं, अ‍ॅल्युमिनियमवर लाटा उठतात. बाहेरच्या लाटा घासून जातील. आतलं भोक सैल झालंय, त्याला इलाज नाही. चमच्याची दांडी आत डुलते.
तरी ताईच्या हातात दिली. लकवा मारल्यापासून तिचा उजवा हात अर्धाच मिटतो. बारीक दांडी निसटते, जाड मूठ टिकते. वरण उचललं. तोंडाजवळ नेलं. चमचा मुठीतल्या मुठीत फिरला, वरण लुगड्यावर.
‘ठेव तुझं खेळणं.’
मग मी भरवलं. चार घास. तोंड मिटलं.

६ मार्च
सकाळी तीन घास, संध्याकाळी चार. भूक नाही म्हणते. भूक आहे, फोडणीचा वास आला की मान वळते. भरवलेलं नको, एवढंच.
‘तुले मी भरवलं लहानपणी. आता तू मले भरवून राह्यला. पाहावत नाही बापू.’
बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

९ मार्च
लेथखाली गादी घातली. पिंजाऱ्याकडून गेल्या वर्षी भरून घेतलेली, दुहेरी घडी करून. आपल्याकडे कान दुखला तरी कापूस, दार वाजलं तरी कापूस. मलाही दुसरं काही सुचलं नाही.
आवाज एकदम कमी. खूश.
तासभराने तुकडा काढून पाहिला. पहिल्यापेक्षा वाईट.

११ मार्च
हमीदभाई आले. हायवेवर त्यांचं लेथचं दुकान, ट्रकची कामं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी अजून ‘सर’. दारातच थांबले.
‘सर, मशीन बाळंतीण हाय काय? गादीवर झोपवली ते?’
आतून ताई हसली. किती महिन्यांनी.
‘तिले नरम नाही लागत, सर. जड लागते. नरमावर ती नाचते.’
गादी काढली. लांब पेचकस चालत्या मशीनला टेकवला, दांडा कानाला. डोळे मिटून ऐकलं. मग मला दिला. दर फेऱ्याला एक ठोका. मोटरचा पट्टा उतरवला तर वर्षभर मशीनसोबत खोक्यात एका जागी वाकून पडल्याने त्याला कुबड आलेलं.
नवा मागवला. गादी उन्हात टाकली, तेलाचे डाग पडलेत. ताईला अजून सांगितलं नाही.

१७ मार्च
नवा पट्टा. ठोका गेला. थरथर निम्मी उरली.
ह.भाईंनी फरशीवर पाना आपटत खोलीभर फेरी मारली. सगळीकडे पोकळ.
‘खाली काळी माती. ऊन लागलं का ती खाली बसते, फरशी राह्यते हवेत. आता मशीनचा दोष नाही, सर. घराचा हाय.’
खोदून मुरूम भरायचा म्हणजे मे उजाडणार. तोवर ताई…
आज दोन घास.

१९ मार्च
ताईचा व्यायाम मागच्या दारात चालतो. ओलं फडकं पिळायचं, दहा वेळा. आज चारवर थांबली. परसातल्या धुण्याच्या दगडाकडे पाहत होती.
‘बापू, तिले ह्याच्यावर काहून नाही ठेवत?’
मी म्हटलं, धुण्याच्या दगडावर?
‘चाळीस वर्षं आपटलं ना मी ह्याच्यावर. मी हालली. हा नाही हालला.’

२२ मार्च
ह.भाईंनी दगड ठोकला. उकिडवे बसून पुन्हा ठोकला. कमरेइतका मुरमात गाडलेला, बाबांनी बसवलेला.
‘सर, एम.ए. तुम्ही झाले अन् डोकं बाईचं.’
‘सांगा त्याले,’ ताई.
भोकं पाडली, बोल्ट घट्ट ठोकले, वर सिमेंट भरलं. दगडाला पाणी वाहायचा उतार आहे, त्यामुळे लेथचा एक पाय अधांतरी. मी बोल्ट आवळून तो खाली ओढायला लागलो. ह.भाईंनी मनगट धरलं.
‘जबरदस्ती केली का तिची कंबर वाकते. पहिले टेकू, मग बोल्ट.’
पत्र्याच्या तीन चकत्या. पाय टेकला. वर टिनाचं छप्पर. सिमेंट सुकेपर्यंत हात लावायचा नाही, अशी तंबी. धुणं आता मोरीत.

२५ मार्च
हात लावला नाही. दगडावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. ताईने आज फडकं सात वेळा पिळलं. विचारलं नव्हतं, स्वतः मोजून सांगितलं.

२८ मार्च
पाण्याने भरलेली वाटी लेथवर ठेवून मशीन चालू केलं. मध्यभागी बारीक वर्तुळं उठतात. काठापर्यंत पोचत नाहीत. थरथर पूर्ण थांबली असं म्हणता येणार नाही.
तुकडा लावला. अखंड कीस निघाला, कुरळा, हातभर. लाटा नाहीत. भोकात चमच्याची दांडी दाबून बसवावी लागली. हलवली, हलत नाही. पालथी केली, उलटी धरून झटकली.
ह.भाईंना फोन. ‘मंग? खाल्लं का बाईनं?’ मुठीबद्दल एक शब्द विचारला नाही.

२९ मार्च
दुपार. मऊ भात, वरण, खोलगट ताटली. ताईने मूठ धरली.
‘गार आहे.’ मग, ‘तू बाहेर जा. दार लोट.’
परसात लेथशेजारी बसलो. पेचकस हाताशी होता. भिंतीला लावायचा मोह झाला, लावला नाही.
चमचा ताटलीवर घासल्याचा आवाज. मग काहीच नाही. पुन्हा एकदा. मग काहीतरी खाली पडलं, धातूचं. उठलो.
‘येऊ नको.’
बसलो. खुर्ची सरकली. वाकतानाचा श्वास. दगड तापला होता, तरी हात काढला नाही.
मग ताटलीवर पुन्हा चमचा.