एक जोडपे कमी

लातूर, रविवार, सायंकाळ

भूकंपग्रस्त साहाय्य मंडळाचे अध्यक्ष आज घरी आले. मालती माहेरी गेली आणि तेथेच भूकंपात दगावली, त्यास वर्षही झालेले नाही. मंडळाला सामुदायिक विवाहासाठी एक जोडपे कमी पडते आहे, आणि मंत्री येणार आहेत! सोबत एका विधवा बाईंना आणले होते. कापडाचा नमुना दाखवावा तसे. "सर, संस्थेतर्फे कुकर बी हाय," असे म्हणून ते तो आणायला जीपकडे गेले. कुकर! म्हणजे मालतीच्या जागी?

तेवढ्यात बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुमीच न्हाई म्हणा. मी कवापासून न्हाई म्हणायलेय, पर माझं कोनी ऐकतच न्हाई."

मी नकार दिला. आवश्यकतेहून कठोर शब्दांत. अध्यक्ष खवळले, "पत्रिकेवर पंचवीस जोडपी छापलीत की हो! आता चोवीसच दाखवू?" याला हे लोक समाजसेवा म्हणतात.

जाताना त्यांनी कुकर पुढच्या सीटवर जपून ठेवला आणि बाईंना मागे, मंडपाच्या दोरखंडांत बसवले. त्या मात्र हसत होत्या. मालती गेल्यापासून माझा कोणाला उपयोग झाला असेल, तर तो आजच.