अरुणाताईंचा गुडघा

मनामा,
रविवार, ५ फेब्रुवारी १९८४

प्रिय रंभा,

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की अरुणाताईंचा मोडलेला गुडघा पाल्याने बरा झाला. तसं झालेलं नाही. त्यांचं ऑपरेशन झालं होतं. पाला नंतरचा. मी नीट विचारलंच नव्हतं. त्यांना निर्गुडी वाटताना पाहिलं आणि मधला भाग मीच जुळवला.

बाकीचं खरं आहे, काल पुन्हा विचारून घेतलं. ही पुण्याची मुलगी गुलमर्गला बर्फावरून घसरत जायच्या शर्यतीत उतरली, स्कीइंग म्हणतात त्याला, तेव्हा त्या उतारावर दुसरी बाई नव्हती. बूट पुरुषांचे, पुढे लोकरीचे बोळे कोंबलेले. शर्यतवाले म्हणाले, "बाई, तुम्ही खाली उभ्या राहून टाळ्या वाजवा." त्या वर गेल्या. तिसऱ्या हिवाळ्यात पडल्या. हे सगळं त्या बुदैया गावातल्या आपल्या घरी एरंडाची पानं शेकत सांगतात, आणि मला हसू येतं, कारण इथे आखातात बर्फ म्हणजे मासळीवाल्याच्या पेटीतला. लग्न होऊन इकडे आल्यावर शेजारच्या रुकय्या आजींनी त्यांना मेथीचा लेप शिकवला. आता मनाम्याहूनही बायका कंबर धरून येतात. ताई आधी बर्फच लावतात. बायका कुरकुरतात, "बर्फ तर आमच्या फ्रिजमध्येपण आहे!"

तुझं पत्र आल्यापासून माझं टायपिंगमध्ये लक्ष नाही. काल एकाच कागदावर दोनदा तारीख घातली. साहेब म्हणाले, "रत्ना, खलास, आज घरी जा." घरी तरी काय करणार? खोलीत फेऱ्या मारल्या. आपल्याकडे बाहेरून आलेलं पत्र कसं वाचतात ते मला ठाऊक आहे. तू पडवीत बसतेस, आई शेजारी, आणि समोर अख्खी वाडी. आई विहिरीच्या पायरीवरून पडली एवढंच मला कळलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय आणि ती तयार झालीय, हे कुठे माहीत होतं? तिला धीर यावा म्हणून ताईंचं लिहिलं. आणि तू कळवतेस, आई म्हणते, "त्या बर्फातल्या बायचो गुडघो पाल्यान बरो झालो, मगे माझो कित्याक नाय? माका कापूक नको." माझ्याकडून पाल्याची पुडी येईल म्हणून वाट बघत ती घरी बसून राहिली.

तुझं पत्र मी ताईंना वाचून दाखवलं, पाला मागायलाच गेले होते. 'संध्याकाळी अंग तापतं' या ओळीला त्यांनी खलबत्ता थांबवला. पुन्हा वाच म्हणाल्या. मग साडी गुडघ्यापर्यंत वर करून व्रण दाखवला, वीतभर लांब. "हे डॉक्टरांचं काम. माझा पाला सुजेला, आखडल्याला. मोडलेल्या हाडाला नाही, आणि तापाला तर नाहीच. माझ्या नावावर आईला घरी ठेवलंस तर माझ्या दारात येऊ नकोस." पाला दिला नाही. एक पानसुद्धा नाही. मला राग आला, रस्ताभर राहिला, मग उतरला.

म्हणून हे पत्र टपालात न टाकता शिवदासकडे देतेय. आपल्या वाडीतला तोच उद्या निघतोय. मागचं वाचलंस तसंच हे पडवीत, सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. पहिला परिच्छेद दोनदा वाच. आई त्याची पिशवी चाचपेल. सांग, पाला आलेला नाही, येणारही नाही. तो गाडी घेऊनच येईल. त्याच गाडीतून तिला दवाखान्यात ने. डॉक्टर घाई करत असतील तर माझ्यासाठी थांबू नका. ऑपरेशनच्या कागदावर तू सही कर, मी तुला शिकवलेली आहे. माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात आहे, तो हातात यायला आठवडा जाईल. साहेब म्हणतात, आता गेलीस तर परत व्हिसा मिळेल याची खात्री नाही. नसू दे म्हटलं. तिकीट काढलंय. आईला सांग, तिच्या खाटेशी मी येतेय, सोमवारी, तेरा फेब्रुवारीला.

तुझीच,
रत्ना