कौशल्याच्या रकान्यातला ‘निरंक’ खोडण्याबाबत

प्रति,
मा. शिबिरप्रमुख साहेब,
सुशिक्षित बेरोजगार नोंदणी शिबिर,
मुक्काम देवरी, जि. गोंदिया

अर्जदार: कु. खुशबू केवलराम मडावी, बीए (इतिहास, समाजशास्त्र, मराठी), मु. टेकरीटोला, ता. देवरी

विषय: नोंदणी पावतीवरील ‘कौशल्य: निरंक’ ही नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ: पावती क्र. २१४, दि. ११ जून २०१३, आणि आपल्या बाबूंचे त्याच दिवशीचे तोंडी उत्तर.

महोदय,

अर्जदार नम्रपणे, पण रागात, कळवते की ग्रामसभा समन्वयक या पदासाठी आपली यादी २८ जूनला जाणार आहे. ‘निरंक’वाल्यांची नावे तीत राहणार नाहीत. हे पद तिला हवे आहे आणि तिला ते जमते.

१. शिबिरात बाबूंनी विचारले, “काय येते?” तिच्या गावात पोरीने स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गुण सांगणे बरे दिसत नाही. सवयीने ती म्हणाली, “काही नाही जी, नुसतं बीए झालं.” बाबूंनी तेवढ्यावर शिक्का मारला.

२. पाठोपाठ मुलाचे कागद घेऊन उदाराम सलामे आले. त्यांना गोंडीच येते आणि बाबू पडले गोंदिया शहरातले. तेव्हा याच निरंक मुलीला हाक आली, “ओ मॅडम, हे काय म्हणून राहिले, जरा बताव ना!” तिने दोन तास दुभाषेपण केले. आयटीआयच्या नऊ पोरांचे फॉर्मही लिहून दिले. त्यांच्या रकान्यांत वेल्डर, फिटर आले. तिने दुरुस्ती मागितली तर उत्तर मिळाले, “बीएवाल्यांचा रकानाच नाही, काऊन डोकं खाता?”

३. दोन वर्षांपूर्वी गावाच्या वनहक्क दाव्यासाठी तिने चौदा म्हाताऱ्यांचे जबाब गोंडीत ऐकून मराठीत उतरवले. शिवेबद्दल दोघांचे पटेना, तर दोघांनाही जंगलात नेऊन जुनी गुरांची वाट शोधली आणि मगच लिहिले. दावा एकाही त्रुटीशिवाय मंजूर झाला. सरकारने मानलेले हे काम सरकारच्याच टेबलावर शून्य कसे होते, हे तिला कळत नाही.

४. चूक अर्जदाराचीही आहे. साक्ष तपासणे ती इतिहासात शिकली, माणसाला बोलते करणे समाजशास्त्रात. पण याला काम म्हणतात, हे तीन वर्षांत कोणी सांगितले नाही. निरोप समारंभात पाहुण्यांनी मुलांना पोलीस भरती सांगितली, मुलींना संस्कार. तिला स्वतःचाही संताप येतो.

सबब विनंती की,
(अ) ‘निरंक’ खोडून ‘गोंडी–मराठी दुभाषी, जबाब नोंदणे व पडताळणे, अर्ज व दावे लिहिणे’ असे नोंदवावे, आणि तेही २८ तारखेपूर्वी.
(ब) कला शाखेच्या मुलांना “काय येते?” असे विचारू नये. काय केले, कोणासाठी केले, त्यातून काय झाले, असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ते उत्तर कसे द्यायचे, हे कॉलेजात येऊन शिकवावे. अर्जदार सोबत येईल.
(क) हे जमत नसल्यास, तिला काहीही येत नाही असे आपल्या सहीने लेखी द्यावे.

हा अर्ज अर्जदाराने स्वतः, एका बैठकीत, कोणाच्याही मदतीवाचून लिहिला आहे. तो वाचून साहेबांना राग आला असल्यास, निदान तेवढे कौशल्य तरी नोंदवावे.

नम्र राहून फसलेली,
खुशबू केवलराम मडावी
दि. १७ जून २०१३

सोबत: पावतीची झेरॉक्स, दावा मंजुरीची प्रत, चौदा जबाब, अंगठ्यांसह.