एल्माचा मुलगा

प्रिय मार्सिया,

सुखरूप पोचलो. हे आधी लिहून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल आणि पुढचं तू निवांत वाचशील. मिस एनाच्या दुकानावरच्या त्याच दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीला या खेपेस तिने असा भडक हिरवा रंग फासलाय, की डोळे मिटले तरी खिडकी दिसते. तुझे डॅडी आत झोपलेत. पोटभर जेवलेत, आणि केसांत अजून समुद्राचं मीठ आहे. फोनवर आपलं दोघींचं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले.

प्रवासाचं खोटं सांगणार नाही. विमानात बरं गेलं, पण कारियाकू बेटाकडे येणाऱ्या बोटीत डॅडी घाबरेघुबरे झाले. कुठे चाललोय, हे पुन्हा पुन्हा विचारत होते. मध्येच उठून म्हणाले, घरी जायचंय. मी म्हटलं, घरीच चाललोय, तर वाटेत भेटलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. तेव्हा मनात आलं, मार्सिया म्हणत होती तेच खरं, उगाच हट्टाने आणलं यांना. हिल्सबरोच्या धक्क्यावर ही गर्दी, पोती, कोंबड्या, हाकाहाक. त्यांचा हात घट्ट धरून मी आपल्या विंडवर्ड गावच्या बसकडे निघाले.

आता जरा तिकडची, इंग्लंडातल्या हडर्सफील्डची बस आठव. डॅडी चढले की सगळ्यांना नमस्कार करायचे, कुणी मान वर करेना म्हणून पुन्हा करायचे, आणि ती निळ्या कोटातली बाई उठून पुढे जाऊन बसली होती. तुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनाही तू पहिलं हेच सांगितलंस, की ते अनोळखी माणसांशी बोलत सुटतात. तुझं काही चुकलं नाही गं, तू तिथेच वाढलीस. पण आम्ही तरुणपणी तिथे उतरलो तेव्हाही ते हेच करायचे. लोक टकामका बघायचे, म्हणून हळूहळू जीभ आवरायला शिकले. आजाराने ते शिकलेलं तेवढं पुसून टाकलंय.

तर आज त्यांनी बसमध्ये डोकं घातलं आणि म्हणाले, "नमस्कार, मंडळी." अख्खी बस एका सुरात म्हणाली, "नमस्कार." ड्रायव्हरसुद्धा. मी मागून सामान सावरत, तोंडातून शब्द न काढता चढले, तर एका म्हातारीने मलाच झापलं, बाईसाहेबांच्या तोंडाला कुलूप आहे का म्हणून. मग ती डॅडींकडे वळली. "तू कुणाचा रे?" गेल्या महिन्यात दवाखान्यात त्यांना स्वतःचं आडनावही सांगता आलं नव्हतं, मग आईचं नाव कुठून आठवणार?

"विंडवर्डच्या एल्माचा."

"एल्माचा? मग इतका म्हातारा कधी झालास?"

"तुझ्याकडे बघत होतो, तेवढ्यात झालो."

बस जी हसायला लागली, ती पुढच्या चढापर्यंत हसत होती. मीही हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून रडले. हा खट्याळ माणूस मला कितीतरी दिवसांत भेटला नव्हता.

पहिल्या दिवशी पिशव्या सोडण्याआधी समुद्रात जायचं, हा आपला नेहमीचा नेम. तोही झाला. डॅडी पाण्यावर उताणे पडून राहिले, कपाळावरची एकूण एक आठी गेली. मिस एनाने मक्याच्या पिठाचं घट्ट कू-कू घोटलं होतं आणि शंखाच्या मांसाचं झणझणीत कालवण. तिने रमचा पेला पुढे केला, तर डॅडींनी आधी दोन थेंब वाडवडिलांसाठी जमिनीवर शिंपडले आणि मगच ओठाला लावला. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

यानंतरचं वाचताना घाबरू नकोस. मी भांडी विसळायला खाली गेले, वर आले तर खाट रिकामी, दार सताड उघडं. तिकडे थंडीत पुलाखाली कुडकुडत बसलेल्या त्यांना पोलिसांनी घरी आणलं होतं, तेच डोळ्यांपुढे आलं. मी अनवाणी धावत सुटले. कोपऱ्यावर एक बाई मासे साफ करत होती. मी काही विचारायच्या आत तिनेच हात केला, एल्माचा मुलगा होडीवाल्यांकडे गेलाय म्हणाली. मी धापा टाकत म्हटलं, अहो, ते हरवले होते.

"हरवलाय कुठे? तिथे बसलाय की."

खरंच बसले होते. अर्धवट बांधलेल्या होडीच्या सावलीत, हातात रंधा, फळीवर नीट फिरत होता. मधेच तिरका गेला की होडीवाले त्यांच्यावर खेकसत होते, आणि डॅडी उलट खेकसत होते. मार्सिया, तिकडे आपण सगळे त्यांच्याशी किती हळू, किती जपून बोलतो. इथे त्यांना चक्क शिव्या बसत होत्या आणि चेहरा फुलला होता. मी त्यांना उठवलं नाही. भुशात फतकल मारून बसले.

आता ज्यासाठी लिहिलं ते सांगते. तू ज्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली धरून ठेवली आहेस, तिथे आता नको म्हणून कळव. सुट्टी संपली तरी आम्ही परत येणार नाही. इथे मोठे डॉक्टर नाहीत, हे मला कळतं. आजार इथेही वाढणारच आहे, आणि तू रोज डोळ्यांसमोर नसलीस, तर तुलाही ते लवकर विसरतील. ते सगळं मी मोजलंय आणि तरी राहतेय. पण आज भुसा झटकत उठताना त्यांनी होडीवाल्यांना विचारलं, "माझी मार्सिया बोटीने येणार आहे, तिला उतरवून घ्यायला कोण जाईल?" मी जाईन म्हणून सांगितलंय. ते अजून विचारताहेत, तोवर ये.

वाट बघणारी, तुझीच,
मम्मी