निळ्या स्विचचा आवाज कोणी चोरला?

४ जानेवारी, सकाळी ७.१०
नव्या वर्षाचे संकल्प. एक, चिडायचं नाही. दोन, रोज इथे चार ओळी टाइप करायच्या. तीन, मार्चमध्ये आमच्या कीबोर्ड मंडळाची ढाल चौथ्यांदा घरी आणायची.
संकल्प चार तारखेला लिहितोय, कारण पहिले तीन दिवस चिडण्यात गेले.

४ जानेवारी, सकाळी ७.४०
कशावर चिडलो ते लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. एक तारखेला साडू आले होते. म्हणाले, कीबोर्डात कीबोर्ड काय वेगळा, बटणं दाबली की झालं. पाऊण तास समजावलं. प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच, त्यात स्प्रिंग. लाल स्विच मुकाट खाली जातो. तपकिरी अर्ध्या वाटेत जरा अडखळतो. निळा अडखळतो आणि वर 'टक्' म्हणतो. टक् म्हणजे अक्षर उमटल्याची पोचपावती. साडू म्हणाले, पण पडद्यावर दिसतंच की. पालथ्या घड्यावर पाणी.

९ जानेवारी
विषय संपला नाही, कारण खरा राग साडूंवर नाहीच. माझ्या निळ्या स्विचवर आहे. टक् कमी झालंय. नवा होता तेव्हा हाच कीबोर्ड वाजला की खोली भरून जायची. आता बोटाला टक् लागतं, आवाज मात्र कुठेतरी विरतो. स्वस्त माल. हल्ली सगळीकडे तेच.
विक्रेत्याला ईमेल केली. सभ्य भाषेत. तीनच ठिकाणी उद्गारचिन्हं.

११ जानेवारी, दुपार
मंडळाची बैठक. दर दुसऱ्या रविवारी, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. चौदा माणसं, चौदा कीबोर्ड. ग्रंथपाल अध्यक्ष, कारण किल्ली त्यांच्याकडे असते.
दंतवैद्याने नवा कीबोर्ड आणला होता. लाल स्विच. शहाऐंशीच्या शहाऐंशी उघडून, आत बारीक ब्रशने वंगण लावून परत बसवलेले. सहा रविवार लागले म्हणे. सगळे पाळीपाळीने बोटं फिरवून अहाहा करत होते. लोण्यासारखा आहे म्हणे. अरे, लोणी पाहिजे तर लोणी खा. मी स्पष्ट म्हणालो की आवाज नसलेला कीबोर्ड म्हणजे शर्टावर काढलेलं नुसतं खिशाचं चित्र. दंतवैद्य हसला. तो सगळ्यावर हसतो. दात चांगले आहेत, दाखवायला कारण लागतं.
मार्चच्या मेळाव्याचं तिथेच ठरलं. खेळ नेहमीचाच. पडद्यामागे ग्रंथपाल पाच कीबोर्डांवर एकच वाक्य टाइप करतात, आपण नुसत्या आवाजावरून स्विच ओळखून कागदावर लिहायचा. मी तीन वर्षं पाचपैकी पाच. दंतवैद्याचे मागच्या वर्षी चार. त्याने यंदा मनावर घेतलंय म्हणे. घे बाबा.

२० जानेवारी
विक्रेत्याने नवीन स्विच पाठवले. बसवले. तसेच! कंपनीने आतली पट्टी बारीक केली असणार. दुसरी ईमेल. उद्गारचिन्हं मोजली नाहीत.

२३ जानेवारी
घराची बेल बिघडली. तिसऱ्यांदा. वायरमन आला, बटण दाबून बघितलं, म्हणाला वाजतेय. मी म्हणालो, कुठे वाजतेय? त्याने माझ्या घरच्यांकडे बघितलं. हिने आणि मुलीने त्याला मानेने काहीतरी खूण केली. तो फी न घेता गेला. काम येत नसेल तर फी कशाला घेईल?
मायक्रोवेव्हचंही तेच. पूर्वी झालं की पीं पीं करायचा. आता गुपचूप थांबतो. मी वॉशिंग मशिनच्या माहितीपुस्तिका लिहितो, सोळा वर्षं, मला यंत्रांचं कळतं. आवाजात बचत चालली आहे सगळ्यांची.

२ फेब्रुवारी, ऑफिस
आनंदाची बातमी. साहेबांनी मला स्वतंत्र खोली दिली. मागच्या बाजूला, जुने नमुने ठेवतात ती. चार बंद मशिनं आहेत, खिडकी नाही, पण स्वतंत्र. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार बाईंनी सामान उचलायला स्वतः मदत केली. खुर्ची तर त्यांनी पळवतच नेली. सोळा वर्षांनी का होईना, कदर झाली.

३ फेब्रुवारी
कीबोर्ड रोज घरून नेतोच; खोलीत एकटा असल्यामुळे आता त्याचा फोम काढून टाकला. कीबोर्डच्या पोटात आवाज दाबायला फोम असतो, तो. खाली पितळी पट्टीही घातली. थोडा फरक वाटला. दुपारी साहेब स्वतः येऊन दार ओढून घेऊन गेले. एकाग्रता व्हावी म्हणून. एवढा समजूतदार माणूस आहे असं कधी वाटलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
विक्रेत्याचं उत्तर. शब्दशः उतरवतो: "दोन्ही संच आम्ही तपासून पाठवले होते. आवाज योग्य आहे. कृपया घरातील अन्य कोणाला ऐकवून पाहावे, ही नम्र विनंती."
नम्र विनंती! 'तक्रार करण्यापूर्वी प्लग लावला आहे का ते पाहावे' हे वाक्य या देशातल्या लाखभर पुस्तिकांत छापलंय आणि ते मी लिहिलंय. मला शिकवतात. उचलली जीभ लावली टाळ्याला.
दुसऱ्या विक्रेत्याकडून जड स्विच मागवले. सगळ्यात मोठा आवाज, अशी जाहिरात आहे. खाली सूचना: सामायिक जागेत वापरू नये. वाचून बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
जड स्विच बसवले. ठीक. पूर्वीच्या निळ्याची सर नाही, पण मेळाव्याला हाच नेणार.
मुलगी परीक्षेचा अभ्यास मैत्रिणीकडे करणार म्हणे. बरंच आहे, तिथे शिस्त असेल.
ही हल्ली बोलत नाही. बोलली तर एकदम ओरडून. मधलं काही नाहीच. सकाळी मी पेपर वाचत होतो तर समोर येऊन, खांद्याला हात लावून, ओरडून काहीतरी घरखर्चाचं सांगितलं. म्हणालो, ओरडायला काय झालं, मी काय बहिरा आहे?  ती आत गेली. भांडायचं तर नीट भांडावं माणसाने. अर्धवट भांडण मला आवडत नाही. दिवसभर डोकं तापलेलं होतं.

१ मार्च
सराव. इंटरनेटवर स्विचच्या आवाजाचे व्हिडिओ आहेत, डोळे मिटून ऐकतो. लाल, तपकिरी चटकन कळतात. निळे कळत नाहीत. लोकांचे मायक्रोफोन भिकार आहेत. कंप्युटरचा आवाज पूर्ण वाढवला तेव्हा मुलगी आली (पुस्तकं न्यायला) आणि तिने प्लगच काढला. मग माझ्यासमोर उभी राहून, तोंड वाकडं न करता, सावकाश म्हणाली की बाबा, कान तपासून घ्या. ही मागे दारात होती.
तीन वर्षं पाचपैकी पाच! ढाल टीव्हीच्या शेजारी आहे, जाऊन बघ म्हणालो. इतका चिडलो की जेवलो नाही. अकरा वाजता बिस्किटं खाल्ली.

८ मार्च, सकाळी
आज मेळावा. शर्टाला इस्त्री केली. कीबोर्ड टॉवेलमध्ये गुंडाळला. स्पर्धेसाठी पाच कीबोर्ड सदस्यांचेच घेतात, चिठ्ठी काढून. माझा निघाला तर दंतवैद्याला कळेल टक् कशाला म्हणतात.
संकल्प: जिंकल्यावर भाषण करायचं नाही. केलं तर छोटं.

८ मार्च, संध्याकाळी ६.२०
लिहायला नको वाटतंय. लिहितो.
विजेता म्हणून मी शेवटच्या खुर्चीवर बसलो. नवख्यांना पुढची जागा मिळावी. मोठेपणा. पहिला कीबोर्ड, लाल, वंगण घातलेला, थप थप, डोळे मिटून ओळखला. दुसरा तपकिरी. तिसरा पुन्हा लाल. मी लिहून पेन ठेवलं.
मग ग्रंथपाल पडद्यामागे नुसतेच बसून राहिले. काही नाही. मी वाट बघितली. शेजारचे सगळे खाली मान घालून लिहायला लागले. काय लिहितायत? कोणी टाइपच केलेलं नाही! लक्षात आलं. ही फसवणूक होती. बिन-आवाजाची फेरी घालून मला गोंधळवायचं, आणि दंतवैद्याला आधीच सांगून ठेवलेलं.
उभा राहिलो. म्हणालो, अध्यक्ष, हवेत बोटं नाचवायला आम्ही इथे आलेलो नाही. पडदा उघडा. ग्रंथपाल आतून काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, पडदा उघडा! तीन वर्षं मी इथे कान दिलेत, माझ्याशी असले धंदे नकोत. नाचता येईना अंगण वाकडं, तर सरळ खेळा म्हणालो.
पडदा उघडला. टेबलावर माझा कीबोर्ड होता. टॉवेल बाजूला घडी करून ठेवलेला. ग्रंथपाल अजून टाइप करत होते. मी उभा होतो, त्यांची दहाही बोटं वरखाली होताना दिसत होती. सगळे माझ्याकडे वळून बघत होते. पुढच्या रांगेतल्या एकाने कानांवर हात ठेवले होते.
कोणी हसलं नाही. दंतवैद्यसुद्धा नाही. याचा सगळ्यात जास्त राग आला. मला त्याच्या चेहऱ्यावर हसू हवं होतं.

९ मार्च
हॉलची रचना चुकीची आहे. छत उंच. आवाज वर जातो.

१० मार्च
शेवटच्या खुर्चीवर कोणालाच ऐकू आलं नसतं.

११ मार्च
दंतवैद्य घरी आला. ढाल न्यायला आला असेल म्हणून मी आधीच पुसून ठेवली होती. ढालीकडे बघितलंही नाही. त्याची बहीण कानांची डॉक्टर आहे, तिचं कार्ड दिलं. समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत बोलला, म्हणून एकूण एक शब्द कळला. म्हणाला, मला हरवायचंय तुम्हाला, पण असं नाही. दारापर्यंत सोडायला गेलो नाही. उठलोच नाही.  आता कोणावर चिडायचं ते सुचेना.

२४ मार्च, दुपार
काचेच्या खोलीत बसवलं. हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. बटण अत्यंत हलक्या प्रतीचं होतं, रबरी. डॉक्टर बाईंना तसं सांगितलं.
त्यांनी माझ्या कानांचा आलेख दाखवला. रेघ डावीकडे बरी आहे. उजवीकडे जाताना जिन्यावरून पडल्यासारखी खाली जाते. त्या बाजूला बारीक, तीक्ष्ण आवाज असतात. बेल, मायक्रोवेव्ह, टक्. बायकांचं आणि मुलांचं बोलणं, असं त्या म्हणाल्या. किती दिवस असं आहे, विचारलं. मी म्हणालो जानेवारीपासून. ही शेजारी बसली होती. ती म्हणाली, चार वर्षं.
चार कशी, ढाल तीन वर्षं माझ्याकडे आहे, असं मी म्हणालो. मग आठवलं. एकच वाक्य, तेच ग्रंथपाल, त्यांच्या बोटांचा तोच ठेका, आणि पडद्याच्या वरून दिसणारे त्यांचे खांदे. निळ्यावर ते जरा पुढे झुकतात. मी कान लावून बसत होतो की डोळे, कोण जाणे.

३ एप्रिल, संध्याकाळी ५.१५
कानांची मशिनं बसवून घरी आलो. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढी. रस्त्यात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून दोनदा मागे वळून बघितलं.
आल्याआल्या खोलीत बसलो आणि कीबोर्ड पुढे ओढला. चार वर्षांनी टक् ऐकायचं.
देवा रे. हे काय आहे? डोक्यात कोणी खिळे ठोकतंय. हे या घरात रोज? सकाळी सातला? खोली दिली म्हणून साहेबांचे आभार मानणारा मी.

५.३०
टाइप करायचं थांबलो तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणंही थांबलं. परत सुरू केलं तर बोलणं सुरू. दोन-तीनदा करून बघितलं. लक्षात आलं. खटखट चालू असली की ह्या दोघी समजतात, मला ऐकू येत नाही. मग मोकळेपणी बोलतात. चार वर्षं तसंच चाललं असणार. एवढ्या जवळ, एवढ्या साध्या आवाजात.
पण खटखट केली तर तिच्यात त्यांचं बोलणं बुडतं. थांबलो तर ऐकू येईल, पण त्या बोलत नाहीत.
आता एका बोटाने, हळूहळू लिहितोय. काही तुकडे मिळाले. मुलगी विचारत होती, बाबा आता चिडायचे थांबतील का. ही म्हणाली, चिडू देत, पण हाक मारली की वळून बघावं, एवढंच.
चिडायला गेलो. आलं नाही.

५.५०
उठून स्वयंपाकघरात गेलो. ठरवून गेलो होतो की काहीतरी चांगलं बोलायचं. ही ओट्याशी पाठमोरी होती. न वळता, हळूच, नेहमी बोलायची तशा आवाजात म्हणाली, बस जरा इथे.
स्वच्छ ऐकू आलं. अक्षर न अक्षर.
मी सवयीने म्हणालो, काय?
तिने वळून दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून परत सांगितलं.